वायरीतलं चित्र, लॅपटॉपच्या पोटात!

दोस्तांनो, वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि नेमकी त्याच वेळी क्रिकेटची मॅच लागली की घरोघरी काय गंमत होते, ते मी तुम्हांला सांगायला नकोच! आई रिमोट लपवते, बाबा "फक्त स्कोअर बघतो" म्हणून तासभर पडद्यासमोरून हलत नाहीत आणि तुम्ही आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून कान मात्र बाहेर लावता. अशा वेळी मनात येतंच, की ही मॅच पिशवीत भरून ठेवता आली असती आणि पेपर संपल्यावर काढून बघता आली असती तर?

तर ती भरून ठेवता येते. पिशवीत नाही, लॅपटॉपमध्ये. केबलच्या वायरीतून येणारं चित्र लॅपटॉपवर बघायचं, हवं तर थांबवायचं आणि साठवून ठेवायचं, हे काम एक चिमुकलं यंत्र करतं. पण वायरीतून चित्र येतं म्हणजे नेमकं काय येतं? ते लॅपटॉपला कळतं कसं? आणि काही वेळा लॅपटॉप "मला नाही जमत" म्हणून हात वर का करतो? चला, वायरीच्या एका टोकापासून सुरुवात करू.

डोंगरामुळे आली केबल

केबल टीव्हीचा जन्म डोंगरामुळे झाला, असं म्हटलं तरी चालेल. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडच्या गावाला चित्र दिसत नाही. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मोबाइलच्या रेंजसाठी टेकाडावर चढणारी माणसं आपण पाहतोच. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोंगराळ गावांतही हीच अडचण होती. तेव्हा लोकांनी उपाय काढला. अँटेना उंच डोंगरावर उभा केला आणि तिथून गावापर्यंत वायर ओढली. झाली केबल!

आपल्याकडे ती आली जरा वेगळ्या वाटेने. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या काही इमारतींत एकच व्हीसीआर लावून, वायरीने घराघरांत सिनेमा दाखवायला सुरुवात झाली. पुढे १९९१ साली आखाती युद्धाच्या बातम्या उपग्रहावरून थेट दिसू लागल्या, परदेशी वाहिन्या आल्या आणि गच्च्यांवर मोठमोठ्या डिश उगवल्या. "केबलवाला" हा नवा माणूस आपल्या ओळखीचा झाला. या गच्चीवरून त्या गच्चीवर, नारळाच्या झाडावरून विजेच्या खांबावर त्याच्या काळ्या वायरी लोंबू लागल्या. १९९५ मध्ये केबलसाठी कायदा झाला. त्या कायद्याने केबलवाल्याला नोंदणी कुठे करावी लागायची, माहीत आहे? चक्क मुख्य पोस्ट ऑफिसात!

ही काळी वायर तुटलेली सापडली तर तिचं टोक नीट बघा. अगदी मधोमध एक धातूची तार, तिच्याभोवती पांढरं जाड आवरण, त्यावर बारीक तारांची जाळी आणि सगळ्यांत बाहेर काळं प्लॅस्टिक. मधली तार चित्र-आवाजाचे संदेश वाहून नेते आणि जाळी बाहेरची खरखर आत शिरू देत नाही. (खांबावरची वायर मात्र कधीही हातात धरायची नाही, बरं का!)

शंभर आवाजांतून एक हाक

आता खरी गंमत. या एकाच तारेतून शंभराहून अधिक वाहिन्या एकाच वेळी येत असतात. मग त्यांची मिसळ का होत नाही?

जत्रेतली गर्दी डोळ्यांसमोर आणा. पाळणेवाला ओरडतोय, भेळवाला ओरडतोय, लाउडस्पीकर चालू आहे. तरी आईची हाक तुम्हांला बरोबर ऐकू येते. कारण तिचा आवाज तुमच्या ओळखीचा असतो. वाहिन्यांचंही तसंच असतं. प्रत्येकीला तिची ठरावीक कंपनसंख्या दिलेली असते. जुन्या पद्धतीच्या केबलमध्ये प्रत्येक वाहिनीला एक स्वतंत्र पट्टा मिळायचा. बाकी सगळा गोंगाट बाजूला सारून हवी ती एकच हाक ऐकणारा जो भाग असतो, त्याला म्हणतात ट्यूनर.

टीव्हीच्या पोटात ट्यूनर असतोच. लॅपटॉपच्या पोटात मात्र तो नसतो. म्हणून तो बाहेरून जोडावा लागतो. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत ट्यूनरचं कार्ड बसवता यायचं. लॅपटॉपमध्ये तेवढी जागा कुठे? मग पेनड्राइव्हएवढा ट्यूनर निघाला. त्याच्या एका बाजूला केबलची वायर लावायची आणि दुसरी बाजू लॅपटॉपच्या यूएसबीच्या खाचेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एके काळी असे ट्यूनर ठिकठिकाणी विकायला असत. सोबत सॉफ्टवेअरची सीडी मिळे. ते भरलं, वाहिन्या शोधायची आज्ञा दिली, की लॅपटॉप एकेक वाहिनी हुडकून यादी तयार करायचा आणि त्याचा टीव्ही व्हायचा!

जरा गणित करू या

आता म्हणाल, चित्र लॅपटॉपमध्ये आलं की ठेवायचं साठवून, त्यात काय एवढं! थांबा. वही-पेन्सिल घ्या.

आपल्याकडे जी साधी टीव्ही पद्धत होती, तिला पाल पद्धत म्हणतात. तिच्यात सेकंदाला २५ चित्रं दाखवतात. ती इतक्या भरभर येतात की डोळ्यांना हलती दिसतात. लॅपटॉपला फक्त आकडे समजतात. म्हणून ट्यूनरमधली एक चिप प्रत्येक चित्राचे बारीक ठिपके पाडते आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड व रंग मोजून त्याचा आकडा लिहिते. आडवे ७२० ठिपके आणि उभे ५७६.

७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. हे झालं एक चित्र. अशी सेकंदाला २५, म्हणजे १,०३,६८,००० ठिपके. एका ठिपक्याला सरासरी दोन बाइट जागा धरली, तर सेकंदाला २,०७,३६,००० बाइट. आणि तासाचे सेकंद ३६००. गुणाकार तुम्ही करा. उत्तर येईल जवळजवळ ७५ जीबी! एका तासाला ७५ जीबी म्हणजे अख्खी वन डे मॅच साठवायला किती डिस्क लागतील?

म्हणून मग चित्राची घडी घालावी लागते. प्रवासाला निघताना आई गोधडी कशी घट्ट गुंडाळून पिशवीत बसवते, तसंच. ही घडी घालायची युक्ती मोठी हुशारीची आहे. बातम्या सांगणाऱ्या बाई आठवा. त्यांच्यामागची भिंत, टेबल, साडी, सगळं या क्षणी जसं आहे तसंच पुढच्या क्षणीही असतं. हलतात फक्त ओठ आणि पापण्या. मग प्रत्येक वेळी सगळं चित्र कशाला लिहायचं? एकदा पूर्ण लिहायचं आणि पुढे "एवढंच बदललं" अशी नोंद करायची. जगभरातल्या तज्ज्ञांचा एक गट १९८८ साली याच कामासाठी जमला. त्यांनी ठरवलेल्या पद्धतींना एमपेग म्हणतात. अशी घडी घातली की एका तासाचा कार्यक्रम साधारण सव्वादोन जीबीत बसतो. ७५ चे सव्वादोन! आहे की नाही जादू?

पण मॅचमध्ये सगळंच हलतं. चेंडू, प्रेक्षक, झेंडे! म्हणून तिथे घडी नीट बसत नाही आणि कधी कधी चित्रात चौकोन चौकोन दिसू लागतात. आता ते का दिसतात, हे तुम्हांला कळलं.

थांब म्हटलं की थांबणारा टीव्ही

लॅपटॉपवर टीव्ही बघण्यात आणखी एक मजा होती. चालू कार्यक्रम मध्येच थांबवता यायचा! दाराची बेल वाजली, पाहुणे आले, थांबवा. पाच मिनिटांनी आलात की तिथूनच पुढे. खरा कार्यक्रम काही तुमच्यासाठी थांबलेला नसायचा. तो इकडे डिस्कवर गुपचूप लिहिला जात असायचा आणि तुम्ही पाच मिनिटं मागून बघत असायचा.

मुद्रणाची वेळही आधी लावून ठेवता येते. पण त्यात फसगती फार. एक म्हणजे, लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो सहसा झोपी जातो आणि मुद्रण तिथंच थांबतं. दुसरी, जुन्या पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊच शकत नाही. तासाला सव्वादोन जीबी, तर मुद्रण किती वेळाने बंद पडेल? सुमारे पावणेदोन तासांनी. म्हणजे नेमक्या रंगात आलेल्या क्षणी! आणि तिसरी फसगत लोडशेडिंगची. लॅपटॉपला बॅटरी असते, तो चालू राहतो. पण खांबावरचं केबलचं यंत्र विजेवर चालतं. ते बंद पडलं की लॅपटॉप बिचारा काळा पडदा इमानेइतबारे साठवत बसतो.

मग कुलूप लागलं

इतकं सगळं छान होतं, तर आज हे ट्यूनर फारसे का दिसत नाहीत? कारण केबलच बदलली. २०१२ च्या नोव्हेंबरपासून मुंबईत आणि २०१३ मध्ये पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत जुनी केबल बंद होऊन डिजिटल केबल आली. पुढे २०१७ पर्यंत ती लहान गावांतही पोचली. आता चित्र आकड्यांच्या रूपात, घडी घालूनच येतं. एवढंच नाही, तर त्याला कुलूप लावलेलं असतं. त्याची किल्ली असते आपल्या घरच्या सेट टॉप बॉक्समध्ये. ज्या वाहिन्यांचे पैसे भरले, तेवढ्यांचीच कुलपं बॉक्स उघडतो. केबलची वायर थेट लॅपटॉपच्या ट्यूनरला जोडली, तर त्याला कुलूपबंद आकडे मिळतात आणि तो गप्प बसतो.

मग वाट कुठली? बॉक्सने कुलूप उघडून दिलेलं चित्र पुढे घ्यायचं. अनेक बॉक्सना पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या रंगाच्या पिना असलेली वायर लागते. पिवळीतून चित्र जातं, पांढरीतून डाव्या बाजूचा आवाज आणि लालमधून उजव्या बाजूचा. या तीन पिना घेऊन लॅपटॉपला चित्र देणारं छोटं यंत्र मिळतं. त्याला कॅप्चर यंत्र म्हणतात. वाहिनी बदलायची ती बॉक्सच्या रिमोटने, लॅपटॉप फक्त बघतो आणि लिहून ठेवतो.

इथे पुष्कळ मोठी माणसंसुद्धा एका ठिकाणी अडतात. लॅपटॉपच्या कडेला एचडीएमआयची चपटी खाच असते. बॉक्सलाही तशीच असते. मग दोन्ही एका वायरीने जोडले की झालं, असं वाटतं. पण लॅपटॉपची ती खाच बहुधा फक्त बाहेर जायचं दार असते. त्यातून चित्र बाहेरच्या पडद्यावर जातं, बाहेरचं आत येत नाही. शिवाय बॉक्सच्या एचडीएमआयमधून निघणाऱ्या चित्राला नक्कल होऊ नये म्हणून वेगळं कुलूप असतं. ते तोडण्याच्या भानगडीत आपण पडायचं नाही.

हे चालतं का?

तुमच्यातल्या एखाद्या शहाण्याने विचारलंच असेल, "बाई, दुसऱ्याचा कार्यक्रम साठवून ठेवणं म्हणजे चोरी नाही का?" प्रश्न अगदी योग्य आहे. अमेरिकेत यावर मोठा खटला झाला होता. घरी पुढे कधीतरी बघण्यासाठी केलेलं मुद्रण चालेल, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. तोही पाच विरुद्ध चार मतांनी, अगदी काठावर! आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ३९ वं कलम सांगतं, की स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा खरोखरच्या शिकवण्यासाठी केलेल्या मुद्रणाने प्रसारण करणाऱ्याचा हक्क मोडत नाही. पण तेच मुद्रण विकलं, वाटलं किंवा इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकलं, तर मात्र गोष्ट वेगळी. कुणीतरी कष्टाने केलेली वस्तू असते ती. आपल्या वहीतलं चित्र कुणी स्वतःच्या नावावर खपवलं तर कसं वाटेल?

कुणीतरी जपलं म्हणून

आता तर पुष्कळसं इंटरनेटवर पुन्हा बघता येतं. मग साठवायचं कशाला? दोन खऱ्या गोष्टी सांगते.

१९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. तिथून आलेल्या चित्रांच्या मूळ टेपा अमेरिकेच्या नासा संस्थेने जपल्या असतील, असं सगळे धरून चालले होते. पुढे शोधाशोध झाली तेव्हा त्या सापडेनात. बहुधा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं नासाने २००९ मध्ये सांगितलं. टेप महाग होती ना! मग चंद्रावरचं पहिलं पाऊल आपल्याला दिसतं कसं? टीव्ही केंद्रांनी आपापली मुद्रणं ठेवली होती. त्यांच्यावरून ते चित्र पुन्हा उजळ केलं गेलं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या मॅरियन स्टोक्स बाईंची. त्या एके काळी ग्रंथपाल होत्या. १९७९ पासून त्यांनी घरी टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस टेपवर भरायला सुरुवात केली. एकाच वेळी अनेक यंत्रं चालत आणि दर काही तासांनी टेपा बदलाव्या लागत. २०१२ मध्ये त्या वारल्या, तोपर्यंत हे चालू होतं. मागे राहिल्या सुमारे सत्तर हजार टेपा! लोकांना तेव्हा हे वेड वाटलं. आज त्या टेपांचं मोल अभ्यासक जाणतात.

हे मी आमच्या चौथीच्या वर्गात सांगितलं, तेव्हा एका मुलीने हळूच हात वर केला. "बाई, आमच्याकडे आत्याच्या लग्नाची कॅसेट आहे. त्यात माझी आजी ओव्या म्हणते. मी आजीला बघितलेलंच नाही. ती पण लॅपटॉपमध्ये येईल?"

येईल, म्हटलं. कारण तेच कॅप्चर यंत्र आणि त्याच तीन पिना! बॉक्सच्या जागी फक्त जुना व्हीसीआर हवा. पण तो मिळणं सोपं नव्हतं. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनीसुद्धा जुलै २०१६ मध्ये थांबली. तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे एक चालू व्हीसीआर निघाला. कॅसेटच्या पट्टीवर पांढरी बुरशी धरली होती. तशीच लावली असती तर पट्टी तुटली असती आणि यंत्रही घाण झालं असतं. काकांनी दोन दिवस खपून ती पुसली. मग तीन तासांची कॅसेट तीन तास चालवली. घाईने पळवून चालत नाही, जेवढा वेळ भरली तेवढाच वेळ लागतो. लग्नाची गर्दी, मांडव, पंगत सगळं येऊन गेलं. आणि हळदीच्या वेळी जात्यापाशी बसलेल्या आजी दिसल्या. चित्र पुसट होतं, आवाज मात्र स्वच्छ. जेमतेम चार मिनिटं. मुलीचे वडील पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसले. ती मुलगी म्हणाली, "आजीचा आवाज आत्यासारखाच आहे!"

करून बघा

घरात, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत व्हिडिओ कॅसेट आहे का, ते आई-बाबांना आणि आजी-आजोबांना विचारा. सापडली तर तिच्यावर काय आहे, कोणत्या सालचं आहे, हे विचारून एका कागदावर लिहा. पट्टीवर पांढरे डाग दिसले तर कॅसेट लगेच लावू नका, जाणकाराकडून आधी पुसून घ्या. कोरड्या जागी, उभी ठेवा. रेडिओ-टीव्हीच्या चुंबकापासून लांब ठेवा.

पालकांसाठी थोडं

कॅप्चर यंत्र घेताना ते पाल पद्धतीचं चित्र घेतं ना, हे दुकानात विचारा. सॉफ्टवेअरमध्ये चुकून अमेरिकेतली एनटीएससी पद्धत निवडलेली असली, तर चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा वर-खाली पळतं. ओबीएस स्टुडिओ आणि व्हीएलसी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि दोन्हींनी हे काम होतं. आधी पाच मिनिटांचं मुद्रण करून आवाज आला का, ते तपासा आणि मगच सगळी कॅसेट लावा. काम झाल्यावर दोन नकला करून त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक काकाकडे, एक मामाकडे. आणि मूळ कॅसेट लगेच भंगारात देऊ नका.

मॅच काय, पुढच्या वर्षी पुन्हा येईल. पण कॅसेटवरची बुरशी तुमच्या सुट्टीची वाट बघत नाही. तेव्हा या रविवारी माळ्यावर चढायला शिडी कोण धरणार, ते आधी ठरवा!